सेल्फ नवा, तारा मात्र जुन्याच!



मृगाचा पाऊस झाला, दोन दिवस उघडीप मिळाली आणि रान वाफशावर आले. आपल्या लातूर भागातल्या काळ्या रानाचा वाफसा किती दिवस टिकतो हे तुम्हाला मी सांगायला नको. सोयाबीनचे बी घरात, खताची पोती ओसरीत, पेरणीयंत्र ट्रॅक्टरला जोडून तयार. पहाटे पाचला मालक चावी फिरवतो आणि सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. मग धावपळ सुरू होते. कोणी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून टोचन लावतो, कोणी चार पोरे गोळा करतो, आणि कोणीतरी हमखास म्हणतो, "सरका बाजूला, पेचकस आणा."

पेचकस येतो. सेल्फच्या डोक्यावरच्या दोन बोल्टांना आडवा लावला की ठिणगी उडते, सेल्फ फिरतो, इंजिन धूर टाकत चालू होते. सगळे खूष. पण त्या वेळी पेचकस धरणारा माणूस उभा कुठे असतो, हे एकदा डोळ्यांसमोर आणा. तो सीटवर नसतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये, जमिनीवर, इंजिनाला चिकटून उभा असतो. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल तर मागचे मोठे चाक सरळ त्याच्यावर येते.

दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावात हेच झाले. जुना २७५ ट्रॅक्टर. पेरणीच्या तोंडावर त्याला बाजारातला नवा सेल्फ बसवला होता. तीन महिन्यांत चावीचा खटका जळाला. मिस्त्री म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. तोवर रोज पेचकस. चालू होण्याचा भरवसा नाही म्हणून ट्रॅक्टर उतारावर लावायचा, आणि हँडब्रेक धरत नाही म्हणून गिअर टाकून ठेवायचा. एका सकाळी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. मालकाचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. मी दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "काय सांगू साहेब, गिअरात होता हेच ध्यानात नव्हतं. रोजच करत होतो ना."

पुढे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेच्या प्रस्तावाचे कागद जमवायला मी त्यांच्या मुलाबरोबर फिरलो. एक पाय गेला तर १ लाख, जीव गेला तर २ लाख, असे त्या योजनेत आहे. त्या फिरण्यातच मी तो ट्रॅक्टर नीट उघडून बघितला. सेल्फ चांगला होता. बिघाड होता तो तारांत.

मी कृषी पदविकेचा माणूस, मोटार मेकॅनिक नव्हे, हे आधीच कबूल करतो. पण घरी जुनी यंत्रे होती, त्यामुळे हात काळे झालेले आहेत, आणि एक चूक मी स्वतःही केलेली आहे. ती पुढे सांगतो.

जुनी यंत्रे आणि त्यांची सवय

आपल्याकडे अजून पळणारे बरेच जुने ट्रॅक्टर मुळात परदेशी नमुन्याचे आहेत. महिंद्राचा बी-२७५ हा इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा इंग्लंडमधला नमुना. १९६३ साली त्यासाठी इथे संयुक्त कंपनी निघाली. पिंजोरचा एचएमटी हा झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरवरून आला. ‘टाफे’चा मॅसी हाही तसाच बाहेरच्या नमुन्यावरचा. या इंजिनांना मरण नाही. बोअर-पिस्टन बदलला की पुन्हा दहा वर्षे. पण विजेचे सामान तेवढे जगत नाही. मूळ सेल्फ झिजतो, कार्बन संपतात, बुश सैल होतात, आणि मग आपण बाजारातला दुसरा सेल्फ आणून बसवतो. त्यात वावगे काही नाही. फक्त बाजारातला सेल्फ हा तुमच्या ट्रॅक्टरच्या तारा बघून बनवलेला नसतो.

जुन्या जीपचे आणि अॅम्बॅसडरचेही तेच. अॅम्बॅसडर २०१४ साली उत्तरपाड्याला बनायची बंद झाली, पण एखाद्या वाड्यात आजोबांची गाडी अजून झाकून ठेवलेली असते. ती चालू करायची हौस असेल तर खालची जोडणीची गोष्ट तिलाही लागू आहे.

आधी सेल्फ खरेच गेला आहे का, ते बघा

सेल्फ ओढतो तो प्रवाह साधासुधा नसतो. ३५ हॉर्सपॉवरच्या डिझेल इंजिनाला फिरवताना २०० ते ४०० अँपिअर लागतात. घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही, त्यावरून अंदाज करा. ठिबकची मेन लाइन अडीच इंची असायला हवी तिथे अर्ध्या इंचाची नळी लावली तर पाच हॉर्सपॉवरची मोटार काय करील? तसेच हे आहे. एक गंजलेला क्लॅम्प, रंगावर बसवलेली अर्थची पट्टी, आतून तुटलेली केबल, एवढ्याने नवा कोरा सेल्फही ‘टक्’ करून गप्प बसतो.

साधा मल्टीमीटर आता कुठल्याही इलेक्ट्रिक दुकानात स्वस्तात मिळतो. एक घेऊन ठेवा. बॅटरी विसाव्यात असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवायला हवी. १२.२ किंवा त्याखाली असेल तर आधी बॅटरी चार्ज करून आणा, बाकीचे नंतर. मग ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद करायचा दांडा ओढून धरलेला, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि एकाने सीटवर बसून चावी मारायची. त्या वेळी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर ९.६ पेक्षा कमी व्होल्ट दिसले तर दोष बॅटरीत असू शकतो, किंवा सेल्फ आतून जाम झालेला असू शकतो.

आता खरी परीक्षा. मीटरची एक सुई बॅटरीच्या अधिक टोकाच्या शिशावर ठेवा. क्लॅम्पवर नव्हे, शिशावर. दुसरी सुई सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. चावी मारा. सेल्फ ओढत असताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर तेवढा दाब तार खाते आहे. मग एक सुई बॅटरीच्या उणे टोकावर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. इथे ०.३ च्या वर गेले तर अर्थिंग खराब. माझ्या अनुभवात हा दुसरा आकडाच जास्त वेळा बिघडलेला सापडतो, कारण अर्थच्या पट्टीकडे कोणी बघतच नाही. तिच्यावर चिखल, ऑइल, शेण सगळे बसते.

मीटर नसेल तर दिवे लावून चावी मारा. दिवे एकदम मलूल झाले तर बॅटरी, तिचे क्लॅम्प, नाहीतर जाम झालेला सेल्फ. दिवे तसेच लखलखीत आणि सेल्फ मात्र नुसता टकटक करत असेल तर बिघाड पुढे, सेल्फच्या तारेत किंवा आतल्या संपर्कात. आणि चार-पाच वेळा चावी मारल्यावर हात लावून बघा. जो जोड गरम लागेल, तो जोड खराब.

दुकानात जाताना जुना सेल्फ बरोबर न्या

नव्या सेल्फची किंमत विचारण्याआधी जुना काउंटरवर शेजारी ठेवा. पिनियनचे दात मोजा. फिरण्याची दिशा बघा. बोल्टांचे अंतर आणि घरात बसणारी गोलाई जुळवा. एक दात कमी-जास्त असला तर फ्लायव्हीलची रिंग खाऊन टाकतो, आणि रिंग बदलायची म्हणजे ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो. सेल्फच्या पाचपट खर्च तिथेच.

बाजारात दोन जाती मिळतात. एक जुन्या पद्धतीची जड मोटार, आत तांब्याच्या गुंडाळ्या. दुसरी आकाराने लहान, आत गिअर असलेली. तिची मोटार लहान पण जोरात फिरते आणि गिअरमुळे ताकद वाढते. ती प्रवाह कमी ओढते, थकलेल्या बॅटरीवरही इंजिन फिरवते. मला स्वतःला ही दुसरी आवडते. पण तिच्यातल्या काही मोटारींत गुंडाळ्यांऐवजी कायमचे चुंबक असतात, आणि इथे एक मेख आहे.

जुन्या इंग्रजी नमुन्याच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे उणे टोक नव्हे तर अधिक टोक अंगाला, म्हणजे चेसिसला जोडलेले असे. गुंडाळ्यांच्या सेल्फला त्याने फरक पडत नाही. टोके उलटली तरी तो त्याच बाजूला फिरतो, कारण आतली दोन्ही चुंबकत्वे एकदमच उलटतात. चुंबकाचा सेल्फ मात्र उलटा फिरतो. तेव्हा पहिल्यांदा बॅटरीकडे जाऊन बघा, कुठले टोक अंगाला गेले आहे. अधिक टोक गेले असेल तर चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून सगळी गाडीच उणे अर्थवर आणून घ्या. डायनॅमोलाही त्या वेळी पुन्हा ध्रुवता द्यावी लागते, ते काम अंदाजाने करायचे नाही.

माझी चूक

आता माझी गोष्ट. मामांकडे जुनी विलीज जातीची जीप होती. तिच्या सेल्फचा खटका पायाखाली. पायाने दाबला की बॅटरीची जाड तार थेट सेल्फला जोडली जायची. मूळ सेल्फवर एकच बोल्ट होता. मी आणलेल्या नव्या सेल्फवर स्वतःचा सोलेनॉइड होता, आणि त्यावर दोन मोठे बोल्ट आणि एक छोटे टोक. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला होतो, अंगात मस्ती होती. मी काय केले, पायखटक्याची जाड तार बॅटरीच्या मोठ्या बोल्टला लावली आणि तिथून तांब्याची एक छोटी पट्टी वाकवून छोट्या टोकाला जोडली. खटका दाबला की दोन्हींना एकदम वीज. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. मामांनी पाठ थोपटली.

पण पाय काढला तरी ‘किर्रऽऽ’ असा आवाज क्षणभर राहायचा. मी म्हटले, नवा आहे, बसेल हळूहळू. पंधरा-वीस दिवसांत पिनियनचा क्लच खलास झाला.

कारण नंतर कळले. चुंबकाची मोटार फिरत असते तोवर ती स्वतःच थोडी वीज तयार करते, डायनॅमोसारखी. खटका सोडला तरी ती वीज माझ्या त्या पट्टीतून सोलेनॉइडला जात होती आणि पिनियनला रिंगमध्ये धरून ठेवत होती. तोवर इंजिन सुरू होऊन जोरात फिरायला लागलेले. दात सुटणार कसे?

बरोबर जोडणी अशी. बॅटरीची जाड केबल सरळ सेल्फच्या मोठ्या बोल्टला, ज्यावर बहुधा ३० आकडा किंवा अधिकची खूण असते. ही कायमची जोडलेली. दुसरा मोठा बोल्ट सेल्फच्या पोटात जातो, त्याला हात लावायचा नाही. छोटे टोक, ज्यावर ५० किंवा ‘एस’ लिहिलेले असते, त्याला फक्त चावी मारताना वीज मिळाली पाहिजे, आणि ती वेगळ्या बारीक वायरने. अॅम्बॅसडरसारख्या गाडीत जुना सोलेनॉइड वेगळा, बॉनेटखाली बसवलेला असतो. तो फेकू नका. त्याची जाड तार काढून घ्या आणि त्याच्याकडून फक्त ५० नंबरला वीज देण्याचे काम करून घ्या.

चावी का जळते

त्या २७५ ची चावी जळण्याचे कारणही इथेच आहे. सोलेनॉइडला ओढून घेताना क्षणभर ३० ते ५० अँपिअर लागतात. डॅशबोर्डवरच्या चावीचा खटका एवढ्यासाठी नसतो. तो काही दिवस सोसतो आणि मग आतून काळा पडतो. नवी चावी घातली तरी तेच. मिस्त्री चावी बदलून देतो, पण जळण्याचे कारण तसेच राहते, आणि मालकाच्या हातात पेचकस येतो.

उपाय एका रिलेचा आहे. सेल्फसाठीचा जाड रिले घ्या. हॉर्नचा छोटा रिले इथे टिकत नाही. बॅटरीवरून योग्य फ्यूज घालून रिलेच्या ३० ला, रिलेच्या ८७ वरून सेल्फच्या ५० ला, दोन्हीकडे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर. ८५ आणि ८६ या टोकांपैकी एक अर्थला आणि एक चावीला. चावीतून आता अर्धा अँपिअरही जात नाही. वर्षानुवर्षे ती टिकते.

या चावीच्या बारीक तारेतच न्यूट्रलचा किंवा क्लचचा सुरक्षा खटका येतो. गाडी न्यूट्रलमध्ये नसेल किंवा क्लच दाबलेला नसेल तर हा खटका वीज पुढे जाऊच देत नाही. ही आजची शक्कल नाही. इंग्लंडात १९४६ ते १९५६ या काळात बनलेल्या फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टरला सेल्फसाठी वेगळे बटणच नव्हते. गिअरचा दांडा ‘एस’ या खुणेवर नेला की सेल्फ फिरायचा. दांडा तिथे असताना गिअर पडलेला असणे शक्यच नाही! आपल्याकडे मात्र हा खटका बिघडला की त्याच्या दोन वायरी पिळून एकत्र बांधायच्या, ही गॅरेजची रीत. सेल्फ बदलताना या वायरी सुट्या करून दाखवा म्हणून मिस्त्रीला सांगा. जुन्या ट्रॅक्टरला खटका मुळातच नसेल तर क्लचच्या पायडलजवळ, पाय दाबल्यावर जोडला जाणारा एक खटका बसवून घ्या. काम तासाभराचे.

बसवल्यावर तपासायचे कसे? मोकळ्या जागेत, सीटवर बसून, इंजिन बंदचा दांडा ओढून. न्यूट्रलचा खटका असेल तर क्लच पूर्ण दाबून, गिअर टाकून चावी मारा. सेल्फ फिरता कामा नये. क्लचचा खटका असेल तर न्यूट्रलमध्ये, क्लच न दाबता मारा; तेव्हाही फिरता कामा नये.

मोटारीची केबल सेल्फला नको

जाड केबल तुटली की विहिरीवरच्या मोटारीची उरलेली केबल दोन-तीन पदरी करून लावलेली मी पुष्कळ ठिकाणी बघितली आहे. हिशेब करून बघा. दीड मीटर लांबीची ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल ३०० अँपिअरला पाव व्होल्टही खात नाही. तीच ६ चौरस मिलिमीटरची असली तर जवळजवळ सव्वा व्होल्ट खाते आणि चारशे वॅट उष्णता त्या तारेतच निघते. डिझेलची नळी शेजारून गेलेली असते, हे विसरू नका. अॅल्युमिनियमची तार तर इथे मुळीच चालत नाही, तिचे जोड थरथरीने सैल होतात. केबलच्या टोकाचे थिंबल दाबयंत्राने दाबून घ्या, हातोडीने ठोकून नव्हे. अर्थची एक वेगळी जाड केबल सेल्फच्याच बोल्टवर आणा. जोड चकचकीत घासा, आवळा, मग वरून ग्रीस किंवा व्हॅसलिन.

काम सुरू करताना बॅटरीचे अंगाला जोडलेले टोक आधी सोडवायचे आणि शेवटी जोडायचे. हातातले कडे, अंगठी काढून ठेवा. पाना आणि कडे मिळून शॉर्ट झाले तर कडे मनगटावरच लाल होते. आणि सेल्फच्या मोठ्या बोल्टांवर रबरी टोप्या घाला. पेचकस लागायला जागाच उरत नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी मंडळींना एक सांगणे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले त्या उन्हाळ्यात खेड्यांत ट्रॅक्टरच्या टँकरनेच पाणी फिरत होते. दर आळीला थांबा, बंद करा, पुन्हा चालू करा. दोन थांब्यांच्या मधल्या पाच मिनिटांत बॅटरी भरत नाही, आणि संध्याकाळपर्यंत चालकाच्या हातात पेचकस येतो. शेजारी घागरी घेऊन पोरे उभी असतात. ग्रामपंचायतीच्या नाहीतर भाड्याने घेतलेल्या ट्रॅक्टरचे बिल काढण्याआधी एकदा त्याला चावीने चालू करून दाखवायला सांगा. चावीने होत नसेल तर दुरुस्ती होईपर्यंत तो कामावर घेऊ नका.

पाय गमावलेल्या त्या मालकाचा ट्रॅक्टर आता त्यांचा मुलगा चालवतो. सेल्फ तोच ठेवला. केबल, रिले, क्लचचा खटका आणि टोप्या एवढेच नवीन घातले. मजुरीसह जो खर्च आला तो नव्या सेल्फच्या किमतीपेक्षा बराच कमी होता.

मीटर माझ्या पिशवीत असतो. सोमवारी मी पंचायत समितीत असतो, बाकी दिवस गावांत. ट्रॅक्टर दाखवायला आणाल तर येताना बॅटरीची टोके आणि अर्थची पट्टी घासून आणा. निम्म्या जणांचे काम तेवढ्यातच होऊन जाते.